उषाताईंचे ओक

उषाताई मला आधी ऐकू आल्या, दिसल्या नंतर. २००५ सालचा ऑक्टोबर संपत आला होता. आदल्या दिवशी आर्नहेमवरून मोठं वादळ गेलं होतं आणि मी सकाळी सायकलवरून ऑफिसला निघालो होतो. नदीकाठच्या सखल भागातून जाणाऱ्या माझ्या रोजच्या सायकलवाटेवर एक भलामोठा ओक मुळांसकट आडवा पडला होता. सायकल उचलून पलीकडे कशी न्यावी याचा विचार करत मी उभा होतो, तेवढ्यात बुंध्याखालच्या खड्ड्यातून बाईमाणसाचा आवाज आला, "काय रे भो, एवढं मोठं धूड तुझं, आणि मुळं बघ, भाकरीसारखी पसरट. कशाच्या जोरावर उभा होतास?"

डच लोकांच्या या देशातलं माझं ते पहिलंच वर्ष. मराठी कानावर पडायची ती घरात किंवा पुण्याच्या फोनवर. खड्ड्यातून येईल अशी अपेक्षा नव्हती. मी वाकून पाहिलं. पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पिकलेल्या केसांचा घट्ट आंबाडा आणि हातात दात घासायचा ब्रश. त्या ब्रशाने बाई मुळांवरची माती झटकत होत्या. तुम्ही मराठी का, असा प्रश्न मी विचारला. त्यांनी वर न बघताच टेपचं एक टोक माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "मी मराठी, तुम्हीही मराठी. ओळख झाली. आता हे त्या टोकाला धरा."

त्या दिवशी सकाळची मीटिंग मी चुकवली. त्याचं कारण साहेबाला सांगताना माझं इंग्रजी अपुरं पडलं.

डॉ. उषा खैरनार आर्नहेमजवळच्या एका संशोधन संस्थेत झाडांच्या मुळांवर काम करत. इथे वादळ झालं की लोक आधी घराची कौलं बघतात, मग गाडी. या बाई रेनकोट चढवून पडलेली झाडं शोधत निघायच्या. एरवी एक मूळ बघायचं तर आठवडाभर खोदावं लागतं, वादळ ते काम फुकटात करून देतं, असं त्यांचं म्हणणं. पडलेल्या झाडाबद्दल त्यांना वाईट वाटे, पण ते थोडा वेळच. नंतर त्या त्याला रागवायला लागत. इथे नदीकाठी दोन-तीन हात खाली गेलं की पाणी. मग झाड कशाला खोल जाईल? "पाणी पायाशी मिळालं की ओक आळशी होतो," त्या म्हणाल्या. मी त्यावर, माणसाचंही तसंच असतं, असं काहीतरी शहाणपणाचं बोललो. त्यांनी ब्रश थांबवून माझ्याकडे पाहिलं. "असेल. मी माणसावर काम केलेलं नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. झाडावरून माणसाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागे.

योगायोग असा, की आमच्या शेजारचा रिकामा फ्लॅट त्यांनी त्याच आठवड्यात भाड्याने घेतला होता. संध्याकाळी जिन्यात पुन्हा भेट झाली आणि मी त्यांना जेवायला बोलावलं. माझी बायको मंजिरी त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मनापासून स्वयंपाक करत होती. ती पुण्यात एका बँकेत होती. चांगली नोकरी सोडून माझ्याबरोबर आली आणि इथे तिचा दिवस खिडकीत सुरू होऊन खिडकीतच संपायला लागला. आठवड्यातून दोनदा डच भाषेचा वर्ग होता. वर्गात ती गप्प बसे. खेमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, पत्र आलं की शब्दकोश घेऊन ओळ न ओळ लावत असे, पण दुकानात साधा ब्रेड मागायचा तरी बोट दाखवून मागे. आपलं चुकेल आणि लोक हसतील ही तिची भीती. मी समजावून थकलो होतो. खरं तर समजावणं हा उपाय नाही हे कळायला मला वेळ लागला.

जेवताना उषाताई सांगत होत्या, "माझे ओक मूळचे डोंगरातले. कोरड्या जागेतले. फार सोशिक." मंजिरीने आमटी वाढता वाढता आदराने विचारलं, "कोकणातले का? आमच्या शाळेत एक ओक सर होते." उषाताईंना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या.

पण ही गोष्ट तिथेच संपली नाही. पुढे संक्रांतीला झूटरमेरला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. आम्ही उषाताईंना घेऊन गेलो. तिथे एका बाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, की मिस्टर काय करतात. उषाताई तिळगूळ चघळत म्हणाल्या, "मिस्टर नाहीत, ओक आहेत." त्या बाईंनी काय समजून घेतलं देव जाणे, पण त्यानंतर मंडळाची आमंत्रणं 'सौ. उषा ओक' या नावाने येऊ लागली. उषाताईंनी ती कधी दुरुस्त केली नाहीत. म्हणायच्या, नाव वाईट नाही आणि घराणं तर फारच जुनं आहे.

त्याच कार्यक्रमात मंडळाच्या एका उत्साही कार्यकर्त्याने छोटंसं भाषण केलं. आपण सगळे आपली मुळं मागे सोडून आलो आहोत, असा त्याचा सूर होता. ऐकणाऱ्या दोघी-तिघींनी डोळे टिपले. मग त्याचं लक्ष उषाताईंकडे गेलं. तुम्ही तर मुळांच्याच तज्ज्ञ, दोन शब्द बोला, असा त्याने आग्रह धरला. उषाताई उभ्या राहिल्या. भाषण करायची त्यांना सवय नव्हती, वर्ग घेतल्यासारख्या बोलल्या. "मूळ मागे राहत नाही, भाऊ. मुळाचा जिवंत भाग असतो तो टोकाला. ते टोक रोज नवीन असतं आणि रोज पुढे जातं, अंधारात, कुठे पाणी आहे ते शोधत. जे मागे राहतं ते लाकूड. तेही कामाचं असतं, झाडाला धरून ठेवतं, पण वाढत नाही." एवढं बोलून त्या बसल्या. मग काहीतरी चुकल्यासारखं वाटून पुन्हा उठल्या आणि म्हणाल्या, की हे झाडाचं सांगितलं, माणसावर मी काम केलेलं नाही.

परतताना घराजवळ आल्यावर मंजिरीने विचारलं, "ताई, ते टोक बघता येतं का?"

ते बघता येत होतं. उषाताईंच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी छातीएवढ्या उंचीच्या अरुंद पेट्या उभ्या होत्या. प्रत्येकीची एक बाजू काचेची आणि त्या काचेवर काळं कापड. पेटी किंचित कलती ठेवलेली, म्हणजे खाली जाणारं मूळ काचेला चिकटूनच वाढतं. आत रेताड, खडकाळ माती होती आणि प्रत्येकीत ओकचं एकेक बी लावलेलं होतं. ही बियाणी उषाताईंनी त्या शरद ऋतूत स्पेनमधल्या एका कोरड्या डोंगरावरून स्वतः वेचून आणली होती. त्यांनी एका पेटीवरचं कापड बाजूला केलं. वर मातीबाहेर काहीच नव्हतं, पान नाही, कोंब नाही. आत मात्र पांढरंशुभ्र, शिसपेन्सिलीएवढं जाड मूळ वीतभर खाली गेलेलं होतं.

"हा आधी पाण्याची सोय बघतो," उषाताई म्हणाल्या. "पान वगैरे हौस नंतर. डोंगरात उन्हाळ्याचे चार महिने पाऊस नाही. उन्हाळा यायच्या आत जो खोल पोचला तो वाचला."

मंजिरी त्या काचेसमोर गुडघ्यांवर बसली ती उठेचना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली. मूळ कालपासून किती खाली आलं हे काचेवर पेन्सिलीने खूण करून ठेवायचं काम उषाताईंनी तिच्याकडे दिलं. संध्याकाळी मी घरी आलो की मला पेटीतल्या बातम्या मिळत. अमक्या पेटीतलं मूळ दगडाला अडलं, वळसा घालून खाली गेलं. तमक्यातलं दोन दिवस थांबलं होतं, आज निघालं. बँकेतल्या गोष्टी ती पूर्वी अशाच सांगत असे.

या वेडाचं मूळ कुठे आहे, असं मी एकदा उषाताईंना विचारलं. त्या धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातल्या. लहानपणी एका वर्षी पाऊस झाला नाही आणि घरची विहीर आटली. गाळ काढून ती आणखी खोल करायचं ठरलं. वडिलांनी हट्टी मुलीला दोराने सोडलेल्या पाळण्यात बसवून खाली नेलं. तिथे, पार तळाशी, खडकाच्या भेगेतून केसांच्या बटेसारखी बारीक मुळं बाहेर आली होती. वर विहिरीच्या काठाला एकच झाड होतं, कडुनिंबाचं. त्या भर उन्हाळ्यातही ते हिरवंगार होतं. गाव त्याला देवाची कृपा म्हणत असे. "मी वर आले आणि आईला सांगितलं, देव खाली आहे, मी बघून आले," उषाताई सांगत. पुढे पुण्यात वनस्पतिशास्त्र झालं. मग त्या कुमाऊंच्या डोंगरात गेल्या आणि तिथल्या ओकच्या जंगलात त्यांची बरीच वर्षं गेली. तिथल्या बाया ओकला बांज म्हणतात, आणि बांज आहे तिथे झरा आहे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. असं का होतं, हे उषाताईंना मुळांकडून शोधायचं होतं. काही ओक खोल गेलेल्या मुळांनी रात्री खालचं पाणी वर ओढतात आणि त्यातलं थोडं वरच्या कोरड्या मातीत सोडतात, शेजारची लहान रोपं त्यावर जगतात. हे सांगताना त्या एकदम हळू आवाजात बोलत, कुणाच्या घरची खासगी गोष्ट सांगावी तशा.

उन्हाळ्यात माझी आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली. आईचं वय पासष्टच्या पुढचं. घरी तिची गच्चीभर झाडं. आल्या दिवसापासून तिची आणि उषाताईंची गट्टी जमली. उषाताई तिला मावशी म्हणत, आई त्यांना सरळ उषा. दोघी बाल्कनीत बसून जुन्या धुळ्या-पुण्याच्या गप्पा मारत. आमच्या आणि त्यांच्या बाल्कनीमध्ये फक्त एक पातळ पत्रा होता.

आता पेट्या त्या बाल्कनीत आल्या होत्या. संस्थेच्या काचघराची दुरुस्ती निघाली होती, म्हणून तिथल्याही पेट्या उषाताईंनी घरी आणल्या. बाल्कनी दक्षिणेची, वर छप्पर, पावसाचा थेंब आत येत नाही. त्यांना हवं तसंच. रोपांना आता हातभर शेंडे फुटले होते आणि खऱ्या प्रयोगाला सुरुवात झाली होती. पाणी पूर्ण बंद. कोरड्या डोंगरातल्या उन्हाळ्यासारखं. वर झाड सुकत असताना खाली मूळ काय करतं, हे त्यांना बघायचं होतं. मग त्या दोन आठवड्यांसाठी स्पेनला डोंगरातल्या कामाला गेल्या. जाताना मला किल्ली देऊन बजावलं, "काहीही झालं तरी पाणी द्यायचं नाही. पानं गळली तरी नाही. मेलं असं वाटलं तरी नाही."

हे मी मंजिरीला सांगितलं, आईलाही सांगितलं. आईने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते बोलली नाही.

त्या जुलैत या देशात कधी नव्हे असा उकाडा झाला. लोक नदीत डुंबत होते, दुकानांतले पंखे संपले होते. बाल्कनीतली रोपं माना टाकू लागली. पानं आधी मिटली, मग करपली, मग गळायला लागली. आई रोज सकाळी पत्र्याच्या कडेने वाकून बघे. एके दिवशी मी ऑफिसातून आलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिने मला बसू दिलं नाही. "पाणी घातलंय मी," ती म्हणाली. "तीन-चार दिवस झाले. हात पोचतो तेवढ्यांनाच. तहानलेल्याच्या समोर बसून मी चहा पिऊ शकत नाही."

पत्र्याजवळच्या पेट्यांमधल्या रोपांना कोवळी पानं फुटत होती. पलीकडची तशीच काटक्या झालेली. मी कपाळाला हात लावला. मंजिरी रडवेली झाली. या प्रयोगावर काय अवलंबून आहे हे तिला माहीत होतं. उषाताईंचा करार डिसेंबरपर्यंतचा होता. तो पुढे वाढायचा असेल तर या उन्हाळ्याचा प्रयोग पुरा व्हायला हवा होता. नवं बियाणं मिळणार ते पुढच्या शरदात.

उषाताई आल्या त्या संध्याकाळी आईनेच जाऊन त्यांना सांगितलं. मी मागे उभा होतो. उषाताई बाल्कनीत गेल्या, पेट्यांवरून नजर फिरवली आणि तिथल्याच स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत. तेच आम्हाला जड गेलं. मंजिरीने ताट नेलं ते तसंच परत आलं. त्यांचं ते उन्हाने रापलेलं तोंड एवढंसं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाला आल्या. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. त्यांनी आईला हाताला धरून बाल्कनीत नेलं, म्हणाल्या, आता बघायला तर पाहिजेच. आधी पाणी घातलेल्या पेटीवरचं कापड काढलं. तिथे मूळ मध्यावर थांबलं होतं आणि वरच्या ओल्या मातीत मात्र बारीक पांढऱ्या तंतूंची जाळी पसरली होती. मग काटकी झालेल्या रोपाच्या पेटीवरचं कापड काढलं. वर एक पान शिल्लक नव्हतं. खाली एकच मूळ, कुठेही न पसरता, सरळ पेटीच्या तळापर्यंत गेलेलं. तळाला टेकून वळलं होतं आणि तिथे जी काय थोडी ओल होती तिच्यात त्याचं टोक पांढरं, टवटवीत होतं.

आई चष्मा सारखा करून खूप वेळ बघत राहिली. "म्हणजे मी मेलेलं समजत होते ते हे," ती म्हणाली. "आणि ज्यांना पाणी घातलं त्यांना मी अर्ध्यावर अडवलं."

"अडवलं नाही, मावशी," उषाताई म्हणाल्या. "त्यांना घाई उरली नाही, एवढंच."

मग त्यांनी सांगितलं, की ही गोष्ट हेंकला कळवावी लागेल. हेंक त्यांचा साहेब. पाणी घातलेल्या पेट्या गाळल्या तर उरलेल्या प्रयोगाला पुरणार नव्हत्या. कुणी पाहिलेलं नव्हतं, काही न बोलता निभलंही असतं. तसं मी सुचवल्यासारखं केलं. उषाताईंनी नुसती मान हलवली. मुळांनी खरं ते दाखवलंय आणि मी खोटं लिहू, असं कसं चालेल, असं त्यांचं साधं म्हणणं.

आई म्हणाली, मीही येणार. तिला कुणी अडवू शकलं नाही. तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही चौघं बसने संस्थेत गेलो. हेंक दारात मावणार नाही एवढा उंच, बोलायला कंजूष. त्याने सगळ्यांना कॉफी दिली आणि उषाताईंचं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला. मग आई उठून उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. "साहेब, पाणी मी घातलं. हिचा दोष नाही. झाड सुकताना मला बघवलं नाही. तेवढ्यावरून हिचं काम काढून घेऊ नका."

उषाताईंनी पहिली तीन वाक्यं भाषांतर करून सांगितली. शेवटचं सांगितलं नाही. हेंकच्या ते लक्षात आलं असावं. या बाई शेवटी काय म्हणाल्या, असं त्याने विचारलं. उषाताई खाली बघत राहिल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंजिरी बोलली. डचमध्ये. क्रियापद कुठे गेलं, कर्ता कुठे राहिला, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ती थांबली नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, उषाताईंचं काम घेऊ नका. आणि मी म्हणते, ही बाई रोज काम करते, मी बघितलं आहे, मी खुणा केल्या आहेत. बोलता बोलता ती लाल झाली होती, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

हेंक हसला नाही. त्याने अगदी सावकाश, सुटे सुटे शब्द करून तिला डचमध्येच उत्तर दिलं आणि तिला ते कळलं. तिनेच आम्हाला मराठीत सांगितलं. त्याच्या आईची हीच खोड आहे. कुणाच्याही खिडकीत मलूल झालेलं रोप दिसलं, की ती दार वाजवून आत जाते आणि पाणी घालून येते. शेजारी तिला घाबरतात. पाणी घातलेल्या पेट्या मोजता येणार नाहीत, त्यात बदल नाही. पण काटक्या झालेल्यांनी जे दाखवलं ते बघण्यासारखं आहे. तेवढ्या आधारावर तो वरिष्ठांकडे एक हंगाम वाढवून मागेल. मिळेलच असं नाही. आणि मिळाला तरी मुळं धुवायला मदतनीस नाही, तो माणूस नोकरी सोडून गेला आहे.

उषाताईंनी मंजिरीकडे बोट दाखवलं. "मावशींनी पाणी घातलं, आता सून मुळं धुवेल. मदतनीस मिळाला."

हंगाम वाढवून मिळाला. मंजिरीला काम करायची परवानगी होतीच, ती आजवर कधी वापरली नव्हती एवढंच. मुळं धुणं ऐकायला सोपं वाटतं. मातीचा गड्डा रात्रभर पाण्यात भिजवायचा, मग चाळणीवर धरून थंड पाण्याच्या बारीक धारेखाली माती सोडवत न्यायची, एकही तंतू न तोडता. केसापेक्षा बारीक मूळ तुटलं तर ते पाण्याबरोबर जातं आणि पुन्हा सापडत नाही. तिथे घाईच्या माणसाचं काम नाही. बँकेत नोटांचे गठ्ठे हाताळलेली मंजिरीची बोटं त्या कामाला अशी लागली, की महिन्याभरात हेंक तिच्या टेबलाशी येऊन उभा राहू लागला. टेबलावरची बाकीची मंडळी डच. दिवसभर गप्पा चालत. मंजिरीचं डच वर्गात नाही, त्या चाळणीवर सुधारलं. पहिला विनोद तिने तिथेच केला. मला तो समजावून सांगावा लागला.

या कामाची दुसरी बाजू तिला नंतर कळली. मुळं मोजायची तर रोप उपटावं लागतं, धुवून, भट्टीत वाळवून वजन करावं लागतं. म्हणजे मोजलेलं एकही रोप जगत नाही. पहिल्या दिवशी ती फार हळहळली. तेव्हा उषाताईंनी तिला सांगितलं, की पाणी घातलेली रोपं मोजणीतून बाद झाली म्हणूनच शाबूत आहेत. ती हेंकने आपल्या आईच्या अंगणात नेऊन लावली होती. हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती पुण्यातून नुसतं "बघ," एवढंच म्हणाली. पण त्यानंतर दर रविवारी माझी चौकशी करण्याआधी ती त्या रोपांची चौकशी करू लागली.

नवा प्रयोग पुढच्या वर्षी पार पडला, चांगला पार पडला. पण उषाताईंचं मन इथे रमत नव्हतं. "पेटीतलं मूळ म्हणजे शाळेतलं पोर," त्या म्हणत, "घरी कसं वागतं ते वेगळंच." त्यांना डोंगरातले ओक हवे होते, खडकात शिरलेले. स्पेनच्या त्याच डोंगरातल्या एका छोट्या केंद्राने त्यांना बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली बाई स्पॅनिशचं पुस्तक घेऊन जिन्यात क्रियापदं पाठ करत बसे. आता या वयात पुन्हा नवी भाषा, नवं गाव, भीती नाही का वाटत, असं मी विचारलं. वाटते, त्या म्हणाल्या. पण तिथे एका ओकचं मूळ कड्याच्या भेगेत शिरलंय आणि ते कुठे जातं हे कुणालाच माहीत नाही. ही भीतीपेक्षा मोठी अडचण आहे.

निघायच्या दिवशी आम्ही दोघं त्यांना पोचवायला आर्नहेमच्या स्टेशनवर गेलो. सामानात एक बॅग कपड्यांची आणि बाकी सगळी कुदळी, चाळण्या, ब्रश. विमानात हे घेतलं नसतं, म्हणून त्या रेल्वेने निघाल्या होत्या. सकाळची वेळ, फलाटावर गर्दी नव्हती. मंजिरीने खाऊचा डबा दिला. उषाताईंनी डबा घेतला आणि तिचे हात हातातच ठेवले. उलटे करून बघितले. थंड पाण्याने त्या हातांना भेगा पडल्या होत्या, नखांच्या कडांना मातीचा काळा रंग कायमचा बसला होता.

"क्रीम लावत जा," त्या म्हणाल्या. "आणि कुणी चांगले हात म्हटलं तर लाजू नको. आहेतच."

गाडी आली. मी सामान चढवलं. त्या खिडकीशी बसल्या, हात हलवला आणि गाडी हलायच्या आतच पुस्तक उघडून क्रियापदं पाठ करायला लागल्या.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच उभा होतो. मंजिरीला जास्तच वाईट वाटत असणार, आज तिला एकटं सोडू नये, असा विचार करून मी रजाच घेतली होती. जवळच्या हॉटेलात कॉफी घेऊ, मग घरी जाऊ, असं मी तिला म्हटलं. तिने डोळे पुसले, ओढणी गळ्याभोवती गुंडाळली आणि स्टेशनबाहेर लावलेल्या सायकलचं कुलूप काढलं.

"तू जा घरी," ती म्हणाली. "मला जायला हवं. माझी मुळं कालपासून भिजत पडलीत."